पहिलंच व्हॅम्पायर रोमान्स फसलं? थांब, प्रकार सोडू नकोस

अरे, एका पुस्तकावरून अख्खा प्रकार टाकून देऊ नकोस. शेकडो वर्षांचा देखणा अबोल हिरो, सतत संकटात सापडणारी हिरॉईन, मधेच उगवलेला दुसरा प्रेमी, हा साचा 2005 साली 'ट्वायलाइट' ही व्हॅम्पायर प्रेमकादंबरी आली त्यानंतर ढिगाने छापला गेलाय, त्यामुळे तुझी निराशा अगदी रास्त आहे.

सुरुवातीला एवढंच कर:

- मालिकेचे सगळे भाग एकदम घेऊ नकोस, नवीन वाचक हमखास हेच करतात आणि मग पैसे गेलेत म्हणून ओढत वाचतात. आधी सॅम्पल चॅप्टर वाच.
- त्यात दोनच गोष्टी बघ, हिरो दिसायला भारी आहे हे सोडून हिरॉईनला त्याच्यात काय आवडतंय? आणि त्याच्या भुकेची खरी भीती वाटते का? रक्ताची तहान नुसती शोभेला असेल तर पुढे कथेत ताण उरतच नाही, मग दोनशे पानं नुसते सुस्कारे.
- तो तिच्यावर पाळत ठेवतो, मित्रमैत्रिणींपासून तोडतो आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणतो, असं दिसलं की बिनधास्त बंद कर. पुस्तक अर्धवट सोडणं गुन्हा नाहीये.

पुढचं म्हणून शेरिडन ले फानूचं 'कार्मिला' घे. 1872 चं आहे, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही 25 वर्षं आधीचं, आणि छोटंसं आहे. गोष्ट सांगणाऱ्या लॉराला कार्मिला या व्हॅम्पायरची ओढही वाटते आणि किळसही, दोन्ही एकाच वेळी, तेच तुला पहिल्या पुस्तकात मिळालं नाहीये. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं दम धर.

बाकी उपप्रकार, क्रम वगैरे नंतर बघू. हे वाचून झालं की सांग कसं वाटलं.