चित्र येत नाही, मग म्युझियममध्ये काय करणार?

गुरुजी, डहाणूहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी टीवायबीएला, विषय इतिहास, तिला पुढे म्युझिओलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, करायचंय. आणि तुम्ही लिहिता, ‘आम्ही वारली, कुडाच्या घरातून कसेबसे बाहेर पडलो, आता पोरीने काचेत ठेवलेली आपलीच माणसं राखत बसायचं का? चित्रसुद्धा धड येत नाही तिला. एमपीएससीकडे वळवा.’

एमपीएससी पदवीनंतर देता येतेच, ती कुठे पळून जात नाही. मी अडकलो तुमच्या त्या काचेत. राग खरा आहे तुमचा, मी स्वतः एका संग्रहालयात बघितलंय, वारली चित्राखाली लेबल काय तर ‘आदिवासी सजावट, तांदळाचं पीठ’, ना गाव ना नाव. पण हा राग मुलीवर का काढताय? ते लेबल तिने थोडंच लिहिलंय!

आणि चित्र येत नाही म्हणून म्युझियम नको, हा तर निव्वळ गैरसमज. तिथे नोंदी ठेवायच्या असतात, वस्तू जपायच्या असतात, कुठली गोष्ट मांडायची आणि कुठली नाही हे ठरवायचं असतं. तुमच्याकडे चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चित्र, काढत नाहीत, ‘लिहितात’, हो ना? लग्नात सवाशिणी लिहितात, मधे पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते. हे माहीत नसलेला माणूस त्याला सजावटच म्हणणार. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, आनंदच आहे, पण पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठल्या रजिस्टरमध्ये आहेत सांगा बरं. तिकडे न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने जानेवारी २०२४ मध्ये दोन अख्खी दालनं बंद केली, कारण नव्या नियमाने मूळनिवासी जमातींची संमती घेतल्याशिवाय त्यांच्या वस्तू मांडता येत नाहीत. आपल्याकडे असं विचारायची वेळ आली तर टेबलाच्या त्या बाजूला कोण बसणार?

कोर्स बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत आहे. नोकरीच्या जागा कमी निघतात, सुरुवातीचा पगारही बेताचा, हे लपवत नाही, त्यामुळे दोन वर्षं घरून आधार लागेल.

पण फॉर्म नंतर. आधी सुट्टीत तिला फोन घेऊन आजीजवळ बसवा, चौक कुणी शिकवला, कुणाकुणाच्या लग्नात लिहिला, सगळं रेकॉर्ड करू दे, तुम्हीही बसा. आणि आजीचं नाव पूर्ण लिहून घ्या, माहेरच्या आडनावासकट.