ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, घाटात पेडल नरम पडतं. नाशिकमध्ये खात्रीचा मेकॅनिक कसा शोधायचा?

चाक खोललं होतं का त्यांनी? तुम्ही लिहिलंय की सर्व्हिस सेंटरवाल्याने पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलायला सांगितलेत, पण गाडी वर घेऊन चाक काढून बघितलं असं काही लिहिलेलं नाही. नसेल काढलं तर एक रुपया देऊ नका. एवढं ठासून सांगतोय कारण हुबेहूब हाच प्रकार माझ्या गाडीत झालाय आणि त्यावरून आमच्या घरात जे महाभारत झालं ते अजून मिटलेलं नाही.

पहिली गोष्ट, ओढणं आणि नरम पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ब्रेक न मारताही गाडी एका बाजूला जात असेल तर आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट बघा, तो विषय वेगळा. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर बहुधा एका बाजूचा ब्रेक नीट काम करत नाहीये. आता कुठल्या बाजूचा, इथेच सगळे फसतात.

आम्ही सप्तशृंगी गडावरून उतरत होतो. (नवरात्रात खासगी गाड्या वर सोडत नाहीत, म्हणून आम्ही गर्दी ओसरल्यावरच जातो.) मी, बायको, तिची बहीण आणि शेजारच्या सीटवर आमचे साडू. साडूंबद्दल एवढंच सांगतो की त्यांना गाडीतलं सगळं कळतं. दर वळणाला ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे खेचत होतं, मी उजवीकडे धरून चालवतोय, आणि हे शेजारून, "अलाइनमेंट करून घ्या, अलाइनमेंट." नांदुरीला खाली आल्यावर चहाला थांबलो तेव्हा मी पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघितला. लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा, भाजतं. डावीकडे धग लागत होती आणि करपल्याचा वास येत होता, उजवं चाक जेमतेम कोमट. साडू लगेच म्हणाले, "बघा, डाव्यात प्रॉब्लेम आहे, केवढं तापलंय." मी म्हटलं, साडूभाऊ, उलटं आहे, घाट उतरून आल्यावर चाक तापणारच, जे तापलं नाही ते काम करत नाहीये, आणि डावं बिचारं दोघांचं काम ओढतंय. तर हसले. बायकोसमोर हसले हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आग्रहाने गाडी कंपनीत नेली, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला, नाव घेत नाही. एसी हॉल, कॉफीचं मशिन, टाय लावलेला अ‍ॅडव्हायझर. त्याने ओडोमीटर बघितला, टॅबमध्ये काहीतरी टाइप केलं आणि साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, दोन्ही डिस्क, पॅड, ब्रेक क्लीनिंग, लेबर, वर जीएसटी. विचारलं चाक खोलून बघणार का, तर म्हणे, "सर, किलोमीटरच्या हिशोबाने हे ड्यूच आहे." म्हणजे गाडीची तक्रार काय आहे हा प्रश्नच नाही, गाडी किती पळालीये एवढंच. मी गाडी घेऊन निघालो. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर साडूंचा मेसेज, "कंजूषपणा एक दिवस जिवावर बेतेल." खाली आमच्या मेहुणीचे हात जोडलेले इमोजी.

मग ऑफिसातल्या एकाने अंबड लिंक रोडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका पोराकडे पाठवलं. सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेला, काही वर्षं अशाच मोठ्या वर्कशॉपमध्ये काढून बाहेर पडलेला. त्याने आधी गाडी स्वतः चालवून बघितली, मला शेजारी बसवून, रिकाम्या रस्त्यावर हात सैल सोडून ब्रेक मारला. परत आल्यावर जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं काढली आणि कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) हाताने आतबाहेर हलवून दाखवला. डावा सरकला. उजवा ढिम्म. स्लाइड पिन म्हणतात तिला, बोटाएवढी गुळगुळीत कांडी असते, तिच्यावर कॅलिपर सरकला तरच दोन्ही बाजूचे पॅड डिस्कला चिकटतात. ती बाहेर काढायला त्याला बराच वेळ लागला, गंज सोडवणारा स्प्रे मारून, फिरवून फिरवून, आणि निघाली तेव्हा पूर्ण तांबडी, ग्रीसचा पत्ता नाही, वरचं रबरी बूट, म्हणजे पिनवरचं टोपण, फाटलेलं. पाणी तिथून शिरलं होतं. त्याने उजव्या चाकाचे दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरच्या पॅडची मधली खाच जशीच्या तशी, आतला जवळपास पत्र्याला टेकलेला. नवीन पॅडला साधारण 10 ते 12 मिलिमीटर मटेरियल असतं, 3 च्या आसपास आलं की बदलायचे, आणि हा 2 सुद्धा नव्हता. डिस्क व्हर्नियरने मोजली. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, लोकांना माहीतच नसतो. दोन्ही डिस्क आरामात त्याच्या वर होत्या. म्हणजे ज्या डिस्क कंपनीवाले बदलणार होते त्या चांगल्या होत्या, आणि जी पिन अडकली होती ती एस्टिमेटमध्ये कुठे नव्हतीच. नवीन डिस्क, नवीन पॅड टाकूनही गाडी डावीकडेच ओढली असती!

पिन आणि बूटचं किट, दोन्ही बाजूचे पॅड (एकाच बाजूचे कधीच बदलायचे नाहीत), पिनला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, कारण साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन परत जाम. शिवाय सगळं ब्रेक ऑइल नवीन. सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत. जुने पार्ट पिशवीत घालून दिले. ती गंजलेली पिन मी साडूंच्या घरी नेऊन टीपॉयवर ठेवली, तर म्हणे, "ठीक आहे, पण त्याच्याकडे ट्रेनिंग कुठंय?" आयटीआय काय भजी तळायला शिकवते काय? आणि यांची स्वतःची गाडी कंपनीतूनच पॅड बदलून आणल्यापासून सिग्नलला किंचाळते, तेव्हा हे गाण्याचा आवाज वाढवतात.

असो. तुमचं पेडल. घाटात नरम आणि थंड झाल्यावर परत ठणठणीत, असं असेल तर पहिला संशय जुन्या ब्रेक ऑइलवर घ्या. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 प्रकारचं ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. कसारा उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला की कॅलिपरपाशी ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल फुसकं होतं. गॅरेजला पोहोचेपर्यंत सगळं नॉर्मल, म्हणून मेकॅनिक म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत बघा, कटिंग चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदला, आणि रंग बरा दिसला तरी दोन वर्षांत एकदा बदलाच. नुसतं वरून भरून घेऊ नका, चारही चाकांची एअर काढून जुनं पूर्ण बाहेर आलं पाहिजे. आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. कुणी म्हणेल आता समृद्धी 2025 च्या जूनपासून इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत सुरू आहे, कसारा लागतच नाही. ब्रेकचा इलाज रस्ता बदलून होत असता तर काय पाहिजे होतं.

मेकॅनिकचं नाव इथे टाकत नाही, तो एकटा आहे आणि गर्दी झाली की कामाची वाट लागते. सातपूर-अंबड पट्ट्यात, द्वारका सर्कलकडे असे बरेच आहेत. फोनवरच किंवा बॉनेट उघडून आकडा सांगणारा सोडा. चाक खोलायच्या आधी चालवून बघतो का, तुम्हाला शेजारी उभं राहू देतो का, जुना पार्ट न मागता देतो का, एवढं बघा. आणि आधी त्याला एकट्या ऑइल बदलण्याचं काम द्या, त्यात माणूस कळतो.

आता हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. ओढण्याचं कारण उलटंही असू शकतं, डावा कॅलिपर दाबलेला राहत असेल किंवा रबरी होज आतून फुगून ऑइल परत सोडत नसेल तर बिनब्रेक चालवूनही डावं चाक तापेल, म्हणून सपाट रस्त्यावर एकदा ब्रेक फारसा न वापरता चालवून मग हात नेऊन बघा. गाडी वॉरंटीत असेल, एबीएसचा दिवा लागत असेल किंवा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर कंपनीतच जा, त्याला स्कॅनर लागतो. साडूंना हे वाक्य दाखवू नका. आणि सिग्नलला उभं असताना पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर ते मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) बिघडल्याचं किंवा लीकेजचं लक्षण आहे, तेव्हा गाडी चालवत कुणाकडेच नेऊ नका, टोइंग बोलवा. इन्शुरन्स पॉलिसी काढून बघा, रोडसाइड असिस्टन्स बऱ्याचदा त्यात घेतलेला असतो आणि आपल्याला आठवतही नाही.