अनुस्वाराची कळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टायपरायटरवर शब्द मांडून तू केलेल्या चित्रकवितांची चारही पानं मिळाली. घाटाचं पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पण बोलायचंय ते कळसाच्या पानाबद्दल. 'काळाराम' हा शब्द तू इतक्यांदा टाईप केलास की त्याचा कळस झाला. मेहनत दिसते. पण त्या जागी नुसतं 'क क क' असतं तरी कळस तसाच उभा राहिला असता. शब्दाची तिथे वीट झाली. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला खालच्या पायरीवर बसवलं ते त्यात व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांमागून सुचणारा अर्थ, नाही म्हणून. कमळाच्या, तलवारीच्या आकारात अक्षरं बसवून पद्मबंध, खड्गबंध रचणाऱ्यांचं कसब मोठं, तरी हा आक्षेप मला पटतो.

ऑयगन गोमरिंगर या स्विस कवीची, पानावर शब्द मांडून केलेल्या कवितांची पहिली वही १९५३ सालची. त्याची एक कविता म्हणजे 'मौन' या अर्थाचा एकच जर्मन शब्द, पाच ओळींत १४ वेळा. तिसऱ्या ओळीतली मधली जागा कोरी. मौन आहे ते तिथे. टायपरायटरवर अशी कोरी जागा मोजून मिळते, कारण स्पेसबार दाबला की कॅरेज अक्षराइतकंच सरकतं. रिकामं घर भरलेल्या घराएवढंच. हाच आपला छंद.

पण तुझं मशीन मराठी आहे, हे विसरू नकोस. त्यावर 'ख' एका कळीत येत नाही. आधी अर्धा ख, मग काना. म्हणजे 'ख' अर्धवट सोडता येतो, काना दोन घरं लांब ठेवता येतो. हातानं लिहिताना हे कधी सुचलं असतं का? आणि अनुस्वाराची कळ तर 'डेड की'. ती दाबली तरी कॅरेज जागचं हलत नाही. परीक्षेसाठी मिनिटाला ३० शब्दांचा वेग बसवताना तिचा विचारही करायला वेळ नव्हता. आता कर. कोऱ्या कागदावर अनुस्वार दाब, रोलर हातानं एक दात फिरव, परत दाब. थेंब एकाखाली एक, सरळ रेषेत पडत येतील. थोडं बाजूला सरकून पुन्हा वरून सुरू कर. पाऊस येतो बघ, 'पाऊस' हा शब्द न लिहिता.

मग गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती घे. पूर आला की आपण नाशिककर मीटरचे आकडे विचारत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, एवढंच विचारतो. पानाच्या मधोमध 'मारुती' एकदाच टाईप कर. त्याच्या बाजूंनी 'पाणी' तळापासून, रोलर उलटा फिरवत, ओळीवर ओळ चढव. कुठे थांबायचं ते तुझं तू ठरव. मारुतीचं चित्र मात्र काढू नकोस. पाणी ज्या ओळीवर त्याच्या नावाला भिडेल, ती ओळच कविता आहे. ती हलकी दाबायची की रिबन लाल करून, हे दहा पानं वाया घालवल्याशिवाय कळणार नाही. ती घाल.

पुढच्या वेळी फोटो नको, मूळ पानं पाठव. मला ती उलटी करून मागून बोट फिरवायचंय. कुठे जोरात ठोकलंस, कुठे बिचकलीस, ते तिथे लागतं.

तुझ्या टायपिंगच्या बाई