दाताची कॅप मशीन बनवतं, मग माझ्या मुलीनं काय करायचं?

कळव्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये टर्नर आहेत. मुलगी बारावी सायन्स झाली. नीटमध्ये सरकारी कॉलेजात बीडीएस मिळेल इतके गुण नाहीत आणि खासगी कॉलेजची फी घराला झेपणारी नाही. ओळखीतून ती महिनाभर नौपाड्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये जाऊन बसते आहे. तिथे झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅप आणि ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवायचे जोडलेले दात) बनतात, आणि 'मला हेच शिकायचंय' असं ती म्हणते. वडील एक दिवस स्वतः जाऊन बघून आले. त्यांनी लिहिलंय : 'मॅडम, सगळं तर कॉम्प्युटर आणि मशीनच करतं. मुलगी नुसती माऊस फिरवणार का? याला शिक्षण म्हणायचं की मजुरी? पाच वर्षांनी तिची गरज उरेल का? आणि मुलीनं हे काम करणं बरं दिसतं का?' पत्राच्या शेवटी एक ओळ सहज लिहून गेलेत : मुलगी दर पावसाळ्यात खारेगावच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते.

सप्रेम नमस्कार.

तुमची ती शेवटची ओळ मला सगळ्या पत्रात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येते, पण आधी तुम्ही लॅबमध्ये जे पाहिलंत ते काय होतं ते सांगते. उत्तर लिहिण्याआधी मीही एका लॅबमध्ये दोन दिवस जाऊन बसले. तुम्ही टर्नर आहात. टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, हे तुम्हाला समजावावं लागत नाही, त्यामुळे माझं निम्मं काम हलकं झालं.

डॉक्टर दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात आणि त्याचं माप घेतात. मापात कडक प्लास्टर ओतून मॉडेल काढतात आणि ते स्कॅन करतात, किंवा डॉक्टरांकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर थेट फाइल येते. मग स्क्रीनवर पहिली गोष्ट ठरवायची ती मार्जिन. घासलेला भाग जिथे संपतो आणि मूळचा दात सुरू होतो, ती कड. कॅपचा काठ बरोबर त्या कडेवर बसला पाहिजे. सॉफ्टवेअर ही रेघ आपणहून ओढून दाखवतं आणि बहुतेक ठिकाणी बरोबर ओढतं. पण माप घेताना हिरडीतून रक्त आलं असेल किंवा बुडबुडा राहिला असेल, तर ते हिरडीलाच दात समजतं.

मी बसले होते तिथे एक मुलगी खालच्या दाढेची कॅप डिझाइन करत होती. तिनं मॉडेल जिभेच्या बाजूनं वळवलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं आणि थांबली. सॉफ्टवेअरनं रेघ ओढलेली होती, अगदी सफाईदार. तिनं ती पुसली आणि फोन उचलला. 'डॉक्टर, आतल्या बाजूला मार्जिन वाचता येत नाहीये. माप पुन्हा पाठवाल का?' पलीकडून नाराजीचा सूर आला असावा, कारण ती दोनदा 'हो डॉक्टर, पण' म्हणाली. तरी तिनं पुढचं बटण दाबलं नाही. काठाशी फट राहिली की सिमेंट विरघळतं, आत अन्न जातं आणि कॅपखालचा दात किडतो. ही फट किती चालते, याचा 120 मायक्रॉन (0.12 मिलिमीटर) हा आकडा 1971 मध्ये मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी मांडला, तो आजही दंतवैद्यकात सांगितला जातो. तुमची मुलगी नुसती माऊस फिरवणार का, असं तुम्ही विचारता. तो फोन करायचा की नाही, हे ठरवणं म्हणजे तिचं काम.

आता मशीनकडे या. झिरकोनियाची डिस्क तुम्ही पाहिली असेल, साधारण 98 मिलिमीटर व्यासाची, पांढरी चकती. ती अर्धवट भाजलेली असते, म्हणून खडूसारखी मऊ. बर नावाच्या लहान, फिरत्या हत्यारानं ती कोरडीच कापली जाते, कूलंट लागत नाही. पूर्ण भाजल्यावर तीच इतकी कठीण होते की हिऱ्याच्या बरशिवाय तिला ओरखडाही निघत नाही. म्हणून कापायचं आधी आणि भाजायचं नंतर. अडचण अशी की भाजताना ती आकसते, आणि चांगलीच. म्हणून प्रत्येक कॅप मुद्दाम मोठी कापतात. किती मोठी, तो आकडा त्या त्या डिस्कवर छापलेला असतो. समजा 1.23 आहे. तयार दाढ 10 मिलिमीटर रुंद हवी असेल तर मशीन ती 12.3 ची कापणार. आता कुणी डिस्क बदलली आणि आकडा जुनाच, 1.25, ठेवला, तर भट्टीतून निघेल ती जवळपास 10.16. दीड दशांश मिलिमीटर. तुमच्या टूलरूममध्ये असा जॉब परत आला असता, इथेही येतो. शाडूची मूर्ती वाळताना आकसते हे तुमच्या मुलीला माहीत आहे. इथे त्या आकसण्याचं गणित आधी मांडायचं असतं, एवढाच फरक.

मशीनमधून निघालेली कॅप मी तळहातावर घेतली. वाजवीपेक्षा मोठी, हलकी, बोटाला पांढरी भुकटी लागणारी. जोराने दाबली असती तर चुरा झाला असता. तिला धरून ठेवणारे बारीक दांडे कापून काढतात, भुकटी झाडतात, गरज असेल तर ब्रशनं रंगाचं द्रावण लावतात आणि दिव्याखाली पूर्ण वाळवतात. ओल राहिली तर भट्टीत तडा जातो. मग बारीक मण्यांनी भरलेल्या वाटीत ठेवून भट्टीत. पारा हळूहळू 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचा, तिथे काही वेळ धरायचा आणि तितकाच सावकाश उतरवायचा. झटपट भाजण्याचे प्रोग्रॅम असतात, पण बरीचशी लॅब रात्री भट्टी लावते आणि सकाळी उघडते. सकाळी तीच कॅप लहान, जड आणि टेबलावर टाकली तर चिनीमातीसारखी टणकन वाजणारी झालेली असते.

हे साहित्य इतकं चिवट का, हे तिला विचारा. तिला सांगता आलं तर मुलगी खरंच रमली आहे असं समजा. झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड. शुद्ध असेल तर भट्टीतून थंड होताना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि तुकडा आपोआप तडकतो. त्यात थोडं यिट्रियमचं ऑक्साइड, म्हणजे यिट्रिया, घातलं की गरम असतानाची रचना थंडीतही टिकून राहते. मग तडा जायला लागला, की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक तिथल्या तिथे फुगतात आणि तड्याचं तोंड दाबून धरतात. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को यांनी नेचर नियतकालिकात याला 'सिरॅमिक स्टील' म्हणावं का, असं विचारलं होतं. यिट्रिया साधारण 3 टक्के असेल (हे मोलचे टक्के, बारावीत शिकली असेल) तर वाकवून मोडायला हजार मेगापास्कलच्या वर ताण लागतो, पण ते दिसायला जरा अपारदर्शक. 5 टक्के केलं की काचेसारखी झाक येते आणि ताकद बरीच उतरते. पुढच्या दाताला एक डिस्क, मागच्या ब्रिजला दुसरी. ही निवड मशीन करत नाही.

पूर्वी झिरकोनियाचा फक्त आतला सांगाडा असायचा आणि वर पोर्सेलिनचा थर चढवायचे. तो थर टवका उडून निघायचा. आता बहुतेकदा पूर्ण दात एकाच झिरकोनियाचा कापतात, म्हणून तिथे त्या टवक्याची भीती गेली.

ब्रिजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे माझ्या आईनं सोसलंय. वरच्या बाजूची एक दाढ काढलेली, दोन्ही बाजूच्या दातांवर कॅप आणि मध्ये लोंबता दात, असा तीन दातांचा ब्रिज तिला बसवला होता. दोन वर्षांत भाकरीचा कडक पापुद्रा चावताना तो तुटला. तुटलेला तुकडा मी हातात घेतला. मोडला होता दोन दातांमधल्या जोडावर, त्याला लॅबमध्ये कनेक्टर म्हणतात. उंची दोन मिलिमीटरही नव्हती. दात सुटे दिसावेत म्हणून कुणीतरी तो जोड वरखाली कोरून बारीक केला होता. दाढेच्या भागात अशा ब्रिजला जोडाचं छेदक्षेत्र साधारण 9 चौरस मिलिमीटर ठेवायला सांगतात, आणि रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. हे तुम्हाला मी काय सांगणार, दांडा उभा ठेवला की आडव्यापेक्षा किती कमी वाकतो ते तुम्ही रोज बघता. उंची दुप्पट तर ताकद चौपट. ज्यानं ते डिझाइन केलं त्याला सॉफ्टवेअर येत होतं, पण दाढेवर जोर किती पडतो ते समजत नव्हतं. आईला त्या जागी पुन्हा सगळं करावं लागलं.

म्हणून 'पाच वर्षांनी गरज उरेल का' याचं माझं उत्तर असं. प्लास्टर ओतणारे, धातूची कास्टिंग करणारे हात कमी होत चालले आहेत. डिझाइनचा पहिला आराखडाही आता सॉफ्टवेअर स्वतः देतं, आणि तो दिवसेंदिवस चांगला होत जाईल. जो माणूस फक्त तो आराखडा मान्य करून पुढे पाठवतो, त्याची नोकरी जाईल. ज्याला चुकीचा आराखडा बघताक्षणी खटकतो, तो लागणारच. तुमच्याकडेही सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आली, तरी जॉब बघून 'सेटिंग चुकलंय' म्हणणारा माणूस घरी बसला नाही.

हा खटकण्याचा गुण येतो हातातून. म्हणून तिनं आधी मेणात दात कोरायला शिकावं, डिझाइन नंतर. आणि इथे ती डोळ्यांची आखणी कामाला येते. दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, टोकाला निळसर करडा, खाचांत तपकिरी छटा. दाताचा रंग जुळवायच्या नेहमीच्या शेड गाइडमध्ये ए1 पासून डी4 पर्यंत 16 छटा असतात आणि शेवटचा रंग नि ग्लेझ बारीक ब्रशनं हातानंच चढवतात. मूर्तीच्या बुबुळाची रेघ एका दमात ओढणारा हात इथे उपाशी राहत नाही. पॉलिशही तितकंच जपायचं. खरखरीत राहिलेला झिरकोनिया समोरचा खरा दात घासून काढतो, आरशासारखा पॉलिश केलेला तसा त्रास देत नाही.

शिक्षण की मजुरी? 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टनं 'डेंटल मेकॅनिक'ची वेगळी व्याख्या दिली, कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा. त्याचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. 2023 मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे, म्हणून प्रवेश घेताना हा कोर्स कोणत्या नियमांखाली मान्य आहे आणि पास झाल्यावर राज्यात नोंदणी होते का, हे लेखी मागा. 'तीन महिन्यांत कॅडकॅम (कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीनवर कापणं) डिझायनर' अशा जाहिराती दिसतील. दोन वर्षांच्या कोर्सनंतर जोड म्हणून त्या ठीक आहेत, त्याच्याऐवजी नकोत. अशा ठिकाणी एकच विचारा : माझी मुलगी स्वतःच्या हातानं किती कॅप भट्टीतून काढेल? उत्तर गोलगोल आलं तर निघून या. नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं जाऊन त्यांच्या कृत्रिम दंत विभागात, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, लॅब सांभाळणाऱ्या माणसांना भेटा. ते खरं सांगतील.

एक गोष्ट मात्र तिच्याशी स्पष्ट बोला. हा रस्ता पुढे बीडीएसला जाऊन मिळत नाही. डेंटल मेकॅनिकला रुग्णाच्या तोंडात हात घालता येत नाही. तिच्या मनात डॉक्टरच व्हायचं असेल आणि लॅब ही नुसती मनाची समजूत असेल, तर एक वर्ष नीटची पुन्हा तयारी करू द्या. समजूत आहे की ओढ आहे हे तिलाच विचारा, आणि ती बोलत असताना तिच्या आईलाही जवळ बसू द्या.

सुरुवातीचा पगार हा शिकाऊ माणसाचाच पगार असतो, तुम्ही अप्रेंटिस होतात तेव्हासारखा. वाढतो तो हाताला सफाई आल्यावर आणि परत येणारी कामं कमी झाल्यावर. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटमुळे संध्याकाळी उशीर होतो, मान आणि डोळे दुखतात. धुळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक टेबलाला सक्शन आहे का, मास्क वापरतात का, हे नोकरी धरण्याआधी बघा. नसेल तर पगार कितीही असो, तिथे पाठवू नका. मुलीनं करावं का, या प्रश्नाला माझ्याकडे वेगळं उत्तर नाही. मी बघितलं त्या लॅबमध्ये फोन उचलणारी मुलगीच होती.

आता एक काम तुमच्यासाठी. एखाद्या दिवशी फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा सकाळी तिच्याबरोबर लॅबमध्ये जा, भट्टी उघडायच्या वेळेला. आदल्या संध्याकाळी तिला कापलेली कॅप मोजून ठेवायला सांगा, डिस्कवरचा आकडाही लिहून ठेवायला सांगा. तुमचा व्हर्निअर तिच्या हातात द्या. भाजलेल्या कॅपचं माप तिनं घ्यावं, भागाकार तिनंच करावा. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.