बॅटरी नाही तर वीज येते कुठून?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. तुमची बाय बारावी सायन्सला, वाळपईजवळ तुमची काजूची छोटी फॅक्टरी, आणि तिने कुठल्याशा कॉलेजच्या प्रदर्शनात बॅटरी नसलेला ओल मोजणारा टॅग, म्हणजे चिप आणि अँटेना असलेली छोटी चिठ्ठी, पाहिला तेव्हापासून घरात 'मला हेच करायचंय' चालू आहे. तुम्ही विचारताय की याची डिग्री कुठे मिळते, आणि एका क्लासवाल्याने आयओटीचा, म्हणजे वस्तू इंटरनेटला जोडायचा, सहा महिन्यांचा कोर्स ऐंशी हजारांत सांगितलाय त्यात तिला घालू का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नको. तिथे ती तयार बोर्डला तयार सेन्सर जोडायला शिकेल, जे ती घरी बसून यूट्यूबवर पण शिकेल. तुम्ही लिहिलंय ना की ती सारखी विचारते, बॅटरी नाही तर वीज येते कुठून? भाऊ, मला त्या पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात आवडलं.

तुमच्या टेम्पोच्या काचेवर फास्टॅग असेलच, कोल्हापूरला माल नेताना टोलवर लागतो तो, त्यात पण बॅटरी नसते. टोलवर वर लावलेला रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, रेडिओ लहरी सोडतो, आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झमध्ये, त्यातलीच चिमूटभर ऊर्जा टॅगचा अँटेना पकडतो आणि चिप जागी होते. आजच्या चांगल्या चिपला 10 मायक्रोवॅटच्या आसपास पुरतात, म्हणजे एका वॅटचा लाखावा भाग! आणि उत्तर देताना टॅग स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, आलेली लहर कधी जास्त कधी कमी परतवतो. लहानपणी आपण आरशाने समोरच्या घरात कवडसा पाडायचो ना, तसंच, आरशाला कुठे टॉर्च लागतो. ही कल्पना हॅरी स्टॉकमन नावाच्या इंजिनिअरने 1948 मध्येच एका शोधनिबंधात मांडली होती, स्वस्त चिप यायलाच पुढची कित्येक वर्षं गेली.

ओल मोजायची एक रीत अशी की ओलाव्याने अँटेनाचं ट्यूनिंग, म्हणजे ठरावीक लहरी पकडायची जुळणी, बिघडतं, चिप ते स्वतः सावरून घेते आणि किती सावरावं लागलं तो आकडा रीडरला कळवते. पण बायला एक गोष्ट जरूर सांगा, रीडर समोर नसेल तर हा टॅग मेल्यासारखाच, रात्रभर पोत्यात काय झालं ते त्याला माहीत नसतं. तुमच्या गोदामाच्या दारात रीडर बसवला तर पोतं आत जाताना-बाहेर येताना कळेल, पण प्रवासभराची नोंद हवी तर बॅटरीवाला लॉगर, म्हणजे सतत नोंद ठेवणारं यंत्रच लागतं. प्रदर्शनात हे सहसा कोण सांगत नाही.

आता डिग्री. बिनबॅटरीच्या टॅगची अशी वेगळी ब्रँच नाही आणि शोधू पण नका. ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, घ्या, फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, जेईई चांगली गेली तर एनआयटी गोव्यात ईसीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, आहे. इंजिनिअरिंग नाहीच जमलं तर फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी आणि मग गोवा युनिव्हर्सिटीत एमएस्सी, तो रस्ता लोकांना उगाच कमी वाटतो. कुठेही गेली तरी इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि अँटेना हे दोन विषय मन लावून करायचे. पोरं या विषयांत कशीबशी पास होतात आणि तिसऱ्या वर्षी कोडिंगकडे पळतात, म्हणूनच अँटेना खरोखर समजणारा माणूस सापडत नाही.

नोकरीचं खरं सांगू? फक्त हेच टॅग बनवायची नोकरी गोव्यात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. डिझाइनचं काम बरंचसं बेंगळुरू-पुण्याकडे. पण वेर्ण्याच्या औषध कंपन्या, मासळीची कोल्ड स्टोरेजं, असा तापमान सांभाळायचा माल इथे भरपूर आहे, तिथे सिस्टिम बसवणारा, ती का चालत नाही हे शोधणारा माणूस लागतोच.

ऐंशी हजार ठेवा बाजूला. काही एनएफसी स्टिकर मागवा, हे पण बिनबॅटरीचे टॅगच, फक्त मोबाइल अगदी जवळ नेऊन वाचायचे, थोड्याशा पैशांत येतात आणि एनएफसी असलेल्या मोबाइलवर वाचता येतात. मोबाइल आणि स्टिकरच्या मध्ये एकदा पाण्याची पातळ पिशवी धरायची, मग तोच स्टिकर स्टीलच्या डब्यावर चिकटवून बघायचा. पाण्यातून बहुतेक वाचेल, स्टीलवर नाही. हा 13.56 मेगाहर्ट्झचा, काही सेंटीमीटरवरच चालणारा प्रकार, फास्टॅगवाल्या लहरींना मात्र पाणी पण नडतं आणि तुमची ओली पोती पण नडणार. असं का, ते तिने स्वतः शोधून एका वहीत लिहावं, आकृती काढून. दोन आठवडे ती त्यात रमली तर ब्रँचचा प्रश्न सुटला समजा, कंटाळली तरी दोनशे-चारशे रुपयांतच कळलं.

आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे.