घर घेताना: बदलापूरचा वन बीएचके आणि इतर प्रश्न

प्रश्न : बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके पाहिला. भाव परवडतोय. एजंट म्हणतो, पाणी आलं तरी तुमच्या घरात कशाला येईल?

उत्तर : घरात येणार नाही, हे खरं. पण जिन्यातून उतरणार कुठे? पंपाची मोटर, मीटरची खोली, दुचाक्या, सगळं तळाशीच असतं. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर जुन्या रहिवाशांना विचारा. २०१९ च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा ‘आता पूर येत नाही’ हे ऐकून सोडून द्या.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन इमारतीचा सर्व्हे नंबर पूररेषेच्या नकाशावर कुठे पडतो ते बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध आहे. दोन्ही रेषांच्या मधे परवानगी मिळू शकते, मात्र जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. शिवाय तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर चढलं होतं. त्याला दलाली मिळायची नसते, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. आणि घर बघायला शक्यतो जुलैत जा, डिसेंबरात सगळं बदलापूर सुंदरच असतं.

प्रश्न : एजंटने ६५० चौरस फूट सांगितले, करारात ३९० लिहिलेत. ही फसवणूक का?

उत्तर : ६५० हा त्याचा ‘सेलेबल’ आकडा, त्यात जिना, लॉबी आणि बरीच कल्पनाशक्ती मिसळलेली असते. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात विक्री चटई क्षेत्रावर (कार्पेट एरिया, घराच्या आतली वापरायची जागा) होते. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट (पाइपांची पोकळी) नाही. किमतीला ३९० ने भागा आणि मग शेजारच्या इमारतीशी तुलना करा. हेही लक्षात ठेवा, की नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

प्रश्न : प्रकल्पाला रेरा नंबर आहे, मग वकिलाचा खर्च कशाला?

उत्तर : डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींमुळे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तिथे रेरा नोंदणी मिळवली गेली होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितलं. कर्ज काढून घर घेतलेली साधी माणसं होती ती. बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घ्या, पण तिचा क्रमांक पालिकेत स्वतः तपासा. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, घ्या. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) बघितल्याशिवाय चावी घेऊ नका. ‘ओसी येतेय’ हे वाक्य कल्याणपुढे मी फार वेळा ऐकलंय.

प्रश्न : फ्लॅट भाड्याने दिला. सोसायटी महिन्याच्या मेंटेनन्सइतकीच आणखी रक्कम मागते.

उत्तर : तेवढी देऊ नका. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं आणि पालिकेचा कर सेवाशुल्कात धरायचा नाही. सेक्रेटरींना लेखी कळवा. ऐकलं नाही तर उपनिबंधकांकडे अर्ज करा.