मेक इन्स्टॉलच्या मागे राहिलेल्या फाइली

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्लॅकवेअर १५.० ही लिनक्स प्रणाली आहे. त्यात नसलेला एक छोटा प्रोग्रॅम मी सोर्स (मूळ कोड) उतरवून ‘मेक इन्स्टॉल’ या कमांडने प्रत्येक मशीनवर बसवते. नवी आवृत्ती आली की जुन्या काही फाइली तशाच पडून राहतात. शेल स्क्रिप्टने (कमांड ओळीने लिहिलेल्या फाइलने) स्वतःचं पॅकेज बनवता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नक्की येईल, आणि तुम्ही ते बनवाच. फाइली मागे राहतात, कारण कुठे काय ठेवलं याची नोंद ‘मेक इन्स्टॉल’ करत नाही. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींचा गठ्ठा आणि मुळात ती नोंद. स्लॅकवेअर १९९३ पासून चालू आहे आणि त्याची पॅकेजं आजही साध्या शेल स्क्रिप्टनेच बनतात. स्क्रिप्ट उघडून वाचा, सगळं समोर दिसतं.

खरी गोम आहे ‘डेस्टडिर’मध्ये, म्हणजे फाइली तात्पुरत्या कुठे उतरवायच्या हे मेकला सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (प्रोग्रॅमचं शेवटचं ठिकाण) यूएसआर ही सिस्टिमची डिरेक्टरीच ठेवा; पण मेक इन्स्टॉलच्या वेळी डेस्टडिरला टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या जागेतली एक रिकामी डिरेक्टरी द्या. सगळ्या फाइली तिथे उतरतात, सिस्टिमला धक्का लागत नाही. आता फाइली शोधून दाखवणारी फाइंड ही कमांड चालवून काय काय आलंय ते डोळ्यांखालून घाला. घाईत असले तरी मी ही पायरी सोडत नाही. काही मेकफाइली (मेकला सूचना देणाऱ्या फाइली) डेस्टडिरला जुमानतच नाहीत, म्हणून पहिली चाचणी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) न होता करा. फाइल खऱ्या यूएसआरमध्ये घुसायला गेली की परवानगी नाकारली जाईल आणि चोरी तिथेच पकडली जाईल.

या पायऱ्या ज्या स्क्रिप्टमध्ये लिहाल, तिच्या डोक्यावर ‘सेट -ईयू’ हवंच; त्याने चूक झाली की स्क्रिप्ट थांबते. नाहीतर डिरेक्टरी बदलणारी ‘सीडी’ ही कमांड फसली तरी शेल पुढची ओळ चालवतो, आणि ती न विचारता सगळं पुसणारी ‘आरएम -आरएफ’ असली तर काय होईल ते सांगायला नको.

मग रूट होऊन टीएमपीमधल्या त्याच डिरेक्टरीतून पॅकेज बनवणारी मेकपीकेजी ही कमांड चालवा. तयार झालेली टीएक्सझेड फाइल, म्हणजेच पॅकेज, सगळ्या मशीनवर नेऊन इन्स्टॉलपीकेजीने बसवा. पुढच्या आवृत्तीला अपग्रेडपीकेजी वापरा. नव्या पॅकेजात नसलेल्या जुन्या फाइली तो स्वतः काढतो. मात्र लागणाऱ्या लायब्रऱ्या आहेत की नाहीत हे स्लॅकवेअर तपासत नाही, ती यादी तुम्हीच लिहून ठेवा.

आधीचा पसारा मात्र पॅकेजच्या नोंदीत नाही. जुना सोर्स असेल तर त्यात ‘मेक अनइन्स्टॉल’ चालतं का बघा, आणि मगच पहिलं पॅकेज बसवा.